देवांच्या डोक्यावरून

लिंबाच्या सालीचा वास आला की माझ्या डोळ्यांसमोर घाट उभा राहतो. नखाने साल किंचित खरवडावी, त्या आंबट, हिरव्या, जराशा कडवट गंधाने नाक जागं व्हावं, आणि एवढ्यात गाडीने वळण घेऊन उजव्या हाताची दरी डाव्या हाताला न्यावी! पोटात उठलेलं वादळ त्या वासाच्या आधारानेच कसंबसं जागेवर राहतं. मुंबईहून मालवणकडे येणाऱ्या बायकांच्या मुठीत हे लिंबू हटकून असायचं. माझ्या आईच्या मुठीत तर घाट संपून गाव आलं तरी असायचं. आई पौषात गेली. आता वैशाख आहे, मी शिकवते त्या शाळेला सुट्टी आहे, आणि परसातल्या झाडाची लिंबं पिकून खाली पडताहेत. मी ती वेचते आणि पुन्हा तिथेच ठेवते. कोणासाठी आत आणायची?

घर सोडताना माणसाला वाट निवडता येत नाही. पोट दाखवील त्या वाटेने जावं लागतं. पण परतताना? परतताना मात्र माणूस वाटांचा विचार करतो, त्यांची तुलना करतो, त्यांच्यावरून भांडतोही. आमच्या लहानपणी आम्ही बोटीने यायचो. बोट बंदरापासून लांब उभी राहायची आणि हलत्या पडावात, त्या लहान होडीत, उतरताना आई एका हाताने मला आणि दुसऱ्या हाताने देवाला धरायची. मग रस्ते सुधारले, एस.टी. आली, घाट आले, लिंबू आलं. आणि एकोणीसशे साठनंतरच्या एका उन्हाळ्यात आमच्या परळच्या खोलीत एक असा प्रश्न येऊन बसला, जो आमच्या घराण्यात आधी कोणाला पडण्याचं कारणच नव्हतं: सुट्टीला गावी जायचं ते मोटारीने की विमानाने?

मोटार होती भावोजींची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या यजमानांची. गिरगावात त्यांचा छोटा छापखाना होता. त्यांनी जुनी, पण ऐटदार मोटार घेतली होती आणि सासूला तिच्यातून गावी नेऊन उतरवायचं त्यांच्या मनात होतं. विमान होतं माझ्या थोरल्या भावाचं. तसं ते त्याचं कसं असेल? वडील गेले तेव्हा दादा शाळेत होता. आमची तोंडं भरावीत म्हणून त्याने पुस्तकं मला दिली आणि स्वतः सांताक्रूझला विमानं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागला. हातातली फडकी टाकून पाना उचलेपर्यंत त्याची तरुणाई सरत आली होती. गावातली माणसं विमानाला इमान म्हणतात आणि दादाला बाबल्यो. ती कौतुकाने म्हणायची, "बाबल्यो इमानात आसा." लगेच दुसरं कोणी हसत म्हणायचं, "इमानात खंय? इमानाखाली!" दादाही त्यांच्याबरोबर हसायचा. ते हसू मी जवळून पाहिलेलं आहे. त्या वर्षी त्याला घरच्या माणसांसाठी पास मिळाला, मुंबई ते बेळगाव. ज्या यंत्राला त्याने इतकी वर्षं खालून पाहिलं, त्यात आपल्या आईला बसवून न्यायचं, एवढंच त्याला हवं होतं. त्याला गावाला काही दाखवायचं होतं असं मी म्हणणार नाही. आईने एकदा त्याच्या हातांवर विश्वास टाकून जमीन सोडावी, हे मात्र त्याला फार, फार हवं होतं.

भावोजींना हे कळत नव्हतं असं नाही. पण थट्टा केल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. "मामीनू," जेवताना ते आईला म्हणाले, "माझ्या गाडयेतसून हात भायर काढून करवंदा घेवक येतत. बाबल्याच्या इमानातसून काय घेतल्यात? ढग?"

"ढगांची भाजी करीन," आई म्हणाली. "जावयाक वाढीन."

आम्ही सगळे हसलो. दादाने ती संधी साधली. "आये, मी पास काढलंय. यंदा तुका वरसून न्हेतलंय."

आईचा हात भातावर थांबला. "आणि खाली देवळां आसतली, तेंचा काय? देवांच्या डोक्यावरसून पाय देवन जावचा? ह्या माझ्याच्यान जमाचा नाय रे, बाबल्या."

वाचकहो, तुम्ही घाटावरचे असाल तर याला हसाल. पण आमच्याकडचे देव नुसते गाभाऱ्यात बसून राहत नाहीत. प्रत्येक गावाला त्याचा देव, प्रत्येक शिवेला तिचा राखणदार. आणि आम्ही त्यांना हाक मारतो ती 'महाराजा' अशी. ते राजे आहेत. त्यांच्या हद्दीतून जायचं तर शिवेवर नारळ द्यावा, देवळासमोरून जाताना पायातल्या वहाणा काढून हातात घ्याव्यात, आणि काही नवं करायचं तर आधी त्यांना गाऱ्हाणं घालावं, म्हणजे काय करणार आहोत ते मोठ्याने, घरच्या बोलीत सांगून परवानगी मागावी. आई उभ्या आयुष्यात एकाही देवळासमोरून चपला घालून गेली नव्हती. ती शेकडो देवळांच्या कळसावरून कशी जाणार? कोणाला विचारून? वर तर कोणाची हद्दच नाही!

मी घरातली शिकलेली. मी शहाणपणा केला. म्हटलं, "आई, पुराणातले देव तरी कशातून फिरायचे? विमानातूनच ना?"

"ते देवच," आई म्हणाली. "देव देवाच्या डोक्यावरसून गेलो तर चलता. आमी कोण लागलों?"

दादाने ताटातला भात संपवला, हात धुतला, आणि शर्टाच्या खिशातला पास चाचपून पाहून तो तसाच बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला. आई त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. मग तिने स्वतःचं ताट तसंच पुढे सरकवलं. श्रद्धा आणि माया एकाच अंतःकरणात राहतात, एकाच चुलीवर शिजतात, आणि तरी कधी अशी वेळ येते की एकीला वाढताना दुसरी उपाशी उठते. अशा वेळी माणसाने कोणाची समजूत घालावी?

पुढच्या रविवारी भावोजी आले ते जिंकलेल्या माणसासारखे. मोटार नक्की झाली असंच सगळे धरून चालले होते. अक्काने तर कोणी कुठे बसायचं तेही ठरवलं होतं. भावोजींनी चहा घेतला, दादाकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. दादा त्यांच्या गाडीचं चाक हवा धरतं का, हे विचारत होता. अगदी मनापासून, वाकडं काही न ठेवता विचारत होता. मला वाटतं, त्या साध्या प्रश्नानेच भावोजींना हरवलं.

"मामीनू," त्यांनी कप खाली ठेवला, "तुमी वरसून जावा. मी खालसून जातंय."

"म्हणजे कसा?" आईने विचारलं.

"म्हणजे तुमी इमानातसून जावा, आणि मी गाडी घेवन तुमच्या आधी निघतंय. वाटेत जितके घाट, जितक्ये शिवी, थंय तुमच्या नावाचो नारळ देतंय. सगळ्या देवांक आधीच सांगून ठेवतंय, आमची म्हातारी वरसून जातली, राग मानू नको, महाराजा."

मग आई म्हणाली, "म्हातारी कित्याक म्हणूक व्हया? देवाक वय सांगूची काय गरज?"

अहाहा! तो होकार होता. दादाने गॅलरीच्या दारात उभ्या उभ्या कपाळ पुसलं. आणि मग आईने जे केलं त्याने मी आजही थक्क होते. आमच्या घरात गाऱ्हाणं घालावं तर भावोजींनीच. तसा खणखणीत आवाज कोणाला नव्हता. ज्यांच्या मोटारीला तिने आत्ताच नाकारलं होतं, त्यांनाच तिने विमानासाठी देवापुढे उभं केलं. भावोजींनी टोपी घातली, नारळ हातात घेतला, आणि परळच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीतून आमच्या गावच्या देवाला हाक गेली.

"बा देवा महाराजा! यंदा ही तुझी लेकरां वरच्या वाटेन तुझ्याकडे येतत..."

"व्हय महाराजा!" आम्ही सगळे म्हणालो, कारण गाऱ्हाण्याला सर्वांनी मिळून होकार द्यायचा असतो.

"पाय वर पडलो तरी मान खाली आसा, ह्या तू जाणतंस..."

"व्हय महाराजा!"

भावोजी थांबले. त्यांनी नारळ दुसऱ्या हातात घेतला. आवाज थोडा उतरला. "आणि ज्या इमानातसून ती येतत, तेका आमच्या बाबल्यान आपल्या हातान बरा केलेला आसा. हो माणूस आमच्या सगळ्या घराचो खांब. तेच्या हाताक यश दी, महाराजा!"

"व्हय महाराजा!" आम्ही म्हणालो. दादाचा आवाज त्यात नव्हता. त्याचे ओठ हलत होते, एवढंच मला दिसलं. ज्याला गावाने विमानाखालचा म्हटलं, त्याचं नाव देवापुढे, मोठ्याने, आणि त्याची सर्वांत जास्त थट्टा करणाऱ्या माणसाच्या तोंडून घेतलं गेलं होतं. मानपत्रं मी शाळेत पुष्कळ ऐकली आहेत. त्या मानपत्राची सर एकालाही आली नाही.

मग आम्ही गेलो. अक्का आणि तिची मुलं भावोजींबरोबर नारळांच्या पोत्याशेजारी बसून आधी निघाली. भावोजी कोल्हापुरावरून सरळ फोंडाघाट उतरले असते तर केव्हाच घरी पोचले असते. पण ते आमच्यासाठी बेळगावापर्यंत वळसा घालून आले, आणि वाटेतल्या एकाही घाटाला त्यांनी उपाशी ठेवलं नाही, असं अक्का सांगते. एका ठिकाणी देऊळ होतं की टोलनाका, हे न कळून त्यांनी टोलनाक्यासमोरही एक फोडला!

इकडे सांताक्रूझला विमानाच्या शिडीपाशी आई थांबली. तिने चपला काढल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि काखेत धरल्या. वाटभर देवांवरून जायचं, तर पायांत वहाणा कशा चालतील? शिडीपाशी उभ्या असलेल्या मुलीने हसून म्हटलं, "आजी, घाला चपला, आत चालतात." आईने फक्त मान हलवली. दादाने त्या दिवसासाठी नवे बूट घेतले होते, काळे, चकचकीत. तो खाली वाकला. मला वाटलं, नाडी बांधतोय. त्याने बूट काढले, मोजे काढून त्यात कोंबले, आणि सगळ्या ओळखीच्या कामगारांच्या देखत अनवाणी शिडी चढला. मग मी कशी मागे राहणार? सुटाबुटातल्या त्या माणसांमधून आम्ही तिघं अनवाणी आत गेलो, आणि आयुष्यात इतक्या ताठ मानेने मी कधी चालले नाही.

बेळगावला भावोजी धुळीने माखून उभे होते. आंबोलीचा घाट आम्ही सगळे मिळून मोटारीनेच उतरलो. गावात शिरलो तेव्हा मागीलदारापासून बाजारापर्यंत एकच बातमी होती, बाबल्यान आयेक इमानातसून हाडल्यान. त्यानंतर 'इमानाखाली' हा शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकला नाही.

पण मला सांगायचं आहे ते सांताक्रूझ आणि बेळगाव यांच्या मधलं, आकाशातलं. घाटमाथ्यावर आलो असू. विमान एकदम खाली बसलं, जसा एखाद्या पायरीवरून पाय चुकावा. पुन्हा बसलं. पुढे कोणीतरी ओरडलं. आईच्या उजव्या हाताला टाय लावलेले एक गृहस्थ होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, खुर्चीच्या दांड्या त्यांनी घट्ट धरल्या होत्या. आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि अगदी ठाम, शांत, थोड्या मोठ्या आवाजात, पलीकडच्या रांगेतल्या दादाला ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली, "तुमी घाबरा नकात. ह्या इमान माझ्या झिलान बरा केलेला आसा. काय होवचा नाय हेका."

झील म्हणजे मुलगा हे त्या गृहस्थांना कळलं की नाही कोण जाणे, पण त्यांचे हात सैल झाले. दादाने तोंड खिडकीकडे वळवलं आणि पंखावर नजर लावून बसला. त्याची मान, त्याचे कान, लाल लाल झाले होते.

मी आईच्या डाव्या हाताला होते. तिचा डावा हात पदराखाली माझ्या हातात होता. तो गार पडला होता, घामाने ओला होता, आणि त्याची नखं माझ्या तळव्यात इतकी रुतली होती की नंतर दोन दिवस त्यांच्या खुणा राहिल्या. आवाजात कंप नव्हता. तो सगळा तिने त्या हातात उतरवला होता. चाकं जमिनीला लागेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. भीती वाटत असताना मुलाच्या मानासाठी ती गिळून टाकायची, आणि वर दुसऱ्याला धीर द्यायचा! अशा बाईच्या पोटी मी जन्मले. दुःख आहेच, पण त्याच्या शेजारी हा अभिमानही बसलेला असतो, आणि बहुधा तोच आधी बोलतो.

आईच्या दहाव्याला सगळे विधी आटोपल्यावर दादा समुद्राकडे तोंड करून वाळूत बसला होता. आता त्याचेही केस पिकले आहेत. मी शेजारी जाऊन बसले. तो म्हणाला, "त्या दिवशी इमानात सगळे भियाले, गो. आये तेवढी भियाली नाय. माझ्यावर इतको विश्वास तिचो."

मी माझा तळवा मिटून घेतला.

"नाय भियाली, दादा," मी म्हटलं.