दीपमाळेची आठवी ओळ

चंदू गेल्याचा फोन आला, तेव्हा मी गच्चीवर टाकीतलं पाणी बघत होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." मला आधी आठवली ती त्याच्या गावची दीपमाळ... आणि मग माझी जीभ.

चंदू माझा शाळेपासूनचा मित्र, पुढं चित्रकलेचा मास्तर झाला. आयुष्यभर त्यानं उंच गोष्टी काढल्या. देवळांची शिखरं, मशिदींचे मिनार, घड्याळाचे मनोरे, कारखान्याची धुराडी. मी बांधकाम खात्यातला. एकदा विचारलं, एवढ्या उंचीचा उपयोग काय? म्हणाला, "वर कोण राहतंय लेका? ते खालच्यासाठी असतंय. लांबनं येणाऱ्याला कळाय पाहिजे, हितं माणसं हायत."

दोन वर्षांपूर्वी त्यानं आमच्या कॉलनीच्या सभागृहाच्या भिंतीवर, पैसे न घेता, नेसरीजवळच्या आपल्या गावची पेटलेली दीपमाळ काढली. दिव्यांच्या आठ ओळी. मला शंका आली. एका रविवारी मोटारसायकल काढून त्याला न सांगता गावी गेलो आणि दुपारच्या उन्हात दिवे ठेवायचे दगडी हात मोजले. ओळी सात. तीनदा मोजल्या. कॉलनीच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हणालो, "मास्तर, एक ओळ जास्त झाली. स्वतःच्या गावची तरी खरी काढायची." लोक हसले. चंदू म्हणाला, "दुपारी मोजलास व्हय? त्रिपुरी पौर्णिमेला सांजच्याला ये की." तोवर थांबावं असं कोणाला वाटलं नाही, मलाही नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं वरची ओळ निळ्या रंगानं बुजवली. त्या पौर्णिमेला मी गेलो नाही, पुढच्याही नाही.

यंदा गेलो. चंदूला जाऊन महिना झाला होता. दिवेलागणीला गावकरी सात ओळी लावून खाली उतरले. शिडी तशीच ठेवून सगळे थांबले. वहिनींनी पणत्यांचं ताट माझ्यापुढं धरलं. "माथ्यावरच्या कठड्यावर हेच चढून लावायचे. दरवर्षी."
"मला बोलला का नाही, वहिनी?"
"म्हणायचे, त्याला सांगून पटत न्हाय, दाखवायच पाहिजे."

मी चढलो. दोन काड्या वाया गेल्या... खाली आल्यावर मान वर केली. आठ ओळी.

परवा कॉलनीत कोणी सुचवलं, रंगारी आलाच आहे, तर त्या चित्रावरचा निळा डागही आकाशासारखा करून घेऊ. मी नको म्हटलं. तो डाग नाही. तिथं अकरा पणत्या आहेत. या वेळी मी लावून मोजल्यात.