उंदीरचिमणीचा माळ

पाणीपुरवठ्याच्या टाक्यांमागचा माळ पेटला, त्या दिवसापासून नर्सबाईंनी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं.

बाई ऑपरेशन थिएटरमधल्या. हातात कात्री-चिमटे देताना डॉक्टरांकडे न बघता त्यांना काय हवंय ते ओळखणाऱ्या. एकदा शब्द दिला की दिला. घरी नवरा होता, छापखान्यात खिळे जुळवून डोळे अधू करून घेतलेला. पण गवतातली हालचाल मात्र त्याला कुणाच्याही आधी दिसायची. त्याला नाद एकाच पाखराचा. थंडीची चाहूल लागली की उत्तरेकडून एक छोटी चिमणी त्या माळावर उतरायची. पाठीवर गवताच्या काड्यांसारख्या रेघा, भुवईवर पिवळट झाक. हाकललं तरी उडायची नाही, उंदरासारखी गवताच्या बुंध्यांमधून पळायची. म्हणून त्याने तिचं नाव ठेवलं उंदीरचिमणी. आजूबाजूची सगळी जमीन नांगराखाली गेली होती. त्या टापूत तिला उतरायला हा एकच माळ उरला होता. ऊन तापायला लागलं की ती परत जायची, आणि नवरा-बायको पुढच्या थंडीची वाट बघायचे.

मग नवऱ्याचे पाय गेले. बाई त्याला चाकाच्या खुर्चीतून कुंपणापर्यंत नेऊ लागल्या. शेवटच्या वर्षी डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं की आता फार आशा धरू नका. बाईंना ते आधीच कळलं होतं. त्या तडक धाकट्या भावाकडे गेल्या.

माळावरचं गवत कापायचं कंत्राट धाकट्याकडे होतं. बाईंनीच त्याला अंगाखांद्यावर वाढवलेलं, त्याने गवत कापायचं पहिलं मशीन घेतलं तेव्हा पाणीपुरवठ्याच्या साहेबांकडे शब्दही बाईंनीच टाकलेला. त्याला त्या एवढंच म्हणाल्या की यंदा चिमण्या येऊन जाईपर्यंत माळाला हात लावू नकोस, तुझ्या भाऊजींची ही शेवटची खेप आहे. धाकटा म्हणाला, ताई, तुझा शब्द मी कधी मोडलाय का?

आणि मोडला. दुसरीकडचं एक काम रद्द झालं, मशीन रिकामं बसलं, म्हणून त्याने तेवढ्यात माळ उरकून घेतला. गवत मुळापासून कापलं आणि खुंट जाळून टाकले. बाईंना त्याने कळवलंही नाही. त्या नवऱ्याला घेऊन कुंपणाशी पोचल्या तेव्हा समोर काळी राख होती, कडेने अजून धूर निघत होता. नवऱ्याने राखेच्या कडेकडेने नजर फिरवली. मग बायकोची समजूत काढावी तसं म्हणाला, "दुसरीकडे उतरल्या असतील."

थंडी संपायच्या आत तो गेला.

धाकटा दारात आला, रडलाही. पण बाई त्याच्याकडे बघेनात तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "ताई, एका पाखरासाठी एवढं?"

त्या वाक्याने बाईंचं दुःख जागच्या जागी घट्ट झालं. त्यानंतर त्या रडल्या नाहीत. उठता-बसता मनात एकच. याला मातीत घालायचं.

पुढची थंडी आली. बाई रोज माळावर जाऊन आल्या. गवत नुकतं फुटलेलं, विरळ. एकही चिमणी आली नाही. तरीही बाई पक्षीमंडळाच्या अध्यक्षीणबाईंकडे गेल्या. त्या पेशाने दातांच्या डॉक्टर, मृदू स्वभावाच्या. बाईंनी शांतपणे सांगितलं की चिमण्या आल्यात, भरपूर आल्यात, आणि मशीन फिरलं तर पुन्हा कधी येणार नाहीत. दातांच्या डॉक्टरांना यापूर्वी बाईंनी कधी वावगा शब्द सांगितला नव्हता. त्यांनी बाईंना सोबत घेऊन पाणीपुरवठ्याच्या साहेबांना गाठलं. साहेबही बाईंना ओळखत होते, त्यांच्या आईचं ऑपरेशन बाईंच्या देखत झालेलं. माळावर मशीन बंद झालं. कंत्राट गेलं, आणि एका ठिकाणचं गेलं तशी इतरांनीही पाठ फिरवली. माळ जाळणारा अशी धाकट्याची ख्याती झाली.

बाई मुद्दाम त्याच्या घरावरून जाणारी बस पकडायच्या. खिडकीतून ताडपत्रीखालचं मशीन दिसायचं. आधी ताडपत्री फाटली, मग पात्यांवर गंज चढला. बाईंच्या जिवाला थंडावा मिळायचा. आपण खोटं बोललो हे त्यांना टोचलं नाही असं नाही, पण ते टोचणंही त्यांना गोड लागायचं.

इकडे माळ मोकाट वाढला. गवत कमरेवर गेलं, आडवं पडून कुजलं, त्यातून काटेरी झुडपं वर आली. सलग तीन थंड्या चिमणीचा पत्ता नाही. एक दिवस दातांच्या डॉक्टर घरी आल्या. अवघडून म्हणाल्या की या चिमणीला पळायला बुंध्यांमध्ये मोकळी जागा लागते, एक-दोन वर्षांआड उन्हाळ्यात गवत कापायलाच हवं. बाईंच्या भावाला पुन्हा बोलावलं तर? बाईंना सगळं कळत होतं. आपल्या हाताने आपण नवऱ्याचं पाखरू हाकलतोय, हेही.

"नको," त्या म्हणाल्या. "वाढू दे."

त्यानंतरच्या थंडीत भावजय आली, धाकट्याची बायको. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बसली नाही, उभ्याउभ्याच बोलली. आमच्या घरामागच्या तुकड्यातलं गवत यांनी उन्हाळ्यात कापलं होतं, आता तिथे ती रेघांची चिमणी पळतेय, एक नाही, पाच-सहा आहेत. यांनीच मला पाठवलंय.

बाई दोन दिवस घरातच फेऱ्या मारत राहिल्या. तिसऱ्या दिवशी गेल्या. धाकटा मागच्या फाटकात उभा होता. केस पिकलेले, हात रिकामे. त्याच्या पायांपलीकडे गवताच्या बुंध्यात काहीतरी सरकलं. बाईंनी ते लगेच ओळखलं.

"ताई, आत ये," तो म्हणाला. "एवढंच सांग. भाऊजी गेल्यावर त्या माळावर चिमणी खरंच दिसली होती?"

"नव्हती दिसली," बाई म्हणाल्या. "तुला बुडवायचं होतं."

"मला तेव्हाच कळलं होतं."

"मग साहेबांना सांगितलं का नाहीस?"

"कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

त्याने फाटक उघडलं आणि घरात निघून गेला. बाई आत गेल्या. चिमणी उघड्यावर आली, मान वर करून थांबली, पुन्हा बुंध्यात शिरली. मनाजोगं बघून होईपर्यंत बाई उभ्या राहिल्या. मग न सांगता निघाल्या.

माफी त्यांनी दिली नाही. साहेबांना सांगितलेलं खोटंही परत घेतलं नाही. माळावर आता गवतापेक्षा झुडपंच जास्त आहेत. धाकट्याने मशीन भंगारात घातलं, तो पाण्याचा टँकर चालवतो. मात्र घरामागचा तुकडा दर उन्हाळ्यात हाताने, विळ्याने कापतो. थंडी पडली की बाई तिथे जातात, चिमण्या बघतात, आणि भावजयीने पुढे केलेला पाण्याचा पेलाही न घेता परततात. भाऊ असला तर त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहतात.

मागच्या खेपेला भावजयीने विचारलंच, हे असं कुठवर चालायचं?

"तो आधी जातो की मी, त्यावर आहे," बाई म्हणाल्या, आणि बस पकडायला निघाल्या.