राखलेला धोंडा

तेलात शेंदूर कालवल्याचा वास आला की मला मुंब्र्याजवळच्या आमच्या डोंगराचा तो काळा कडा आठवतो. कडा कसला, जमिनीतून उगवलेले दगडी खांबच ते. सहा-सहा कोनांचे, एकमेकांना खेटून उभे, आणि त्यांच्या फटींतून भर वैशाखातही गार पाणी पाझरायचं. मी नवी सून, रोज घागर तिथेच लावायची. आगगाडीच्या रुळांखाली घालायला मेली खडी हवी, म्हणून एक गोरा साहेब कारकुनाला घेऊन आला. त्याने खांबांवरून हात फिरवला, हातोडीने वाजवून पाहिलं, मग बराच वेळ नुसता बघत उभा राहिला. शेवटी कारकुनाने गावाला विचारलं, "साहेब म्हणतात, इथलं काय राखायचं ते सांगा. तेवढं सोडून सुरुंग लावू." माझे सासरे गावचे पाटील. त्यांनी पायथ्याच्या शेंदूर फासलेल्या धोंड्याकडे बोट केलं. "एवढ्या आमच्या देवाला हात लावू नका. बाकी काय, दगडच आहेत." "एवढंच?" साहेबाने पुन्हा विचारायला लावलं. "एवढंच," सगळे एका सुरात म्हणाले. देव वाचला म्हणून त्या दिवशी नारळ फुटले, मीही हौसेने खोबरं वाटलं. साहेबाने शब्द पाळला. आजही आम्ही अमावास्येला शेंदूर घेऊन जातो, तेव्हा देव जागच्या जागी असतो. त्याच्या मागे नुसतं आभाळ आहे, आणि त्याच्या आंघोळीचं पाणी मला खालच्या विहिरीवरून वर वाहून न्यावं लागतं.