उभी न राहणारी बाटली

बाबांकडे एकशे बारा बाटल्या आहेत आणि बाबा दारू पीत नाहीत. आमच्याकडे उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ही दोन वाक्यं लागोपाठ सांगावी लागतात. पहिलं लगेच पटतं. दुसऱ्यावर पाहुणे नुसते हसतात.

नागावला आमचा लहानसा होमस्टे आहे. भाड्याच्या दोन खोल्या, मागे नारळ-सुपारीची वाडी, आणि समुद्र पाच मिनिटांवर असं आम्ही जाहिरातीत लिहितो. आई चालली तर बारा मिनिटं लागतात. तिसरी खोलीही आहे, पण तिच्यात बाटल्या राहतात. पावसाळा सरला की किनाऱ्यावरची वाळू सरकते आणि जुनी काच वर येते. वाडीत खड्डा खणला तरी कधीकधी पहार खण्णकन वाजते. तशा बाबांनी पंचवीस वर्षं गोळा केल्या आहेत. जाड हिरव्या, औषधाच्या निळ्या, गळ्यात काचेची गोटी अडकलेल्या सोड्याच्या. प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली आहे, आणि चिठ्ठीवर बाबांचं अक्षर माझ्या शाळेच्या वह्यांवर कधी नव्हतं इतकं सुंदर आहे.

यंदा गणपती गेल्यावर आईने विषय काढला. दिवाळीच्या सुट्टीत पाहुण्यांना नाही म्हणावं लागतं आणि इकडे एक अख्खी खोली रिकाम्या बाटल्यांना दिली आहे, असं तिचं म्हणणं.

"अहो, मागच्या आठवड्यात त्या पुण्याच्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, काका कधीपासून घेतात म्हणून."

"मग सांगायचं ना, जुन्या वस्तू आहेत. बाहेर यांना किंमत आहे."

"बाहेर म्हणजे कुठे? फाटकाबाहेर?"

मग आईनेच निकाल दिला. एक बाटली, फक्त एक, बाहेरच्या माणसाने पैसे देऊन नेली, तर बाकीच्यांना ती हात लावणार नाही. नाही नेली, तर येता बुधवार सोडून त्याच्या पुढच्या बुधवारी भंगारवाला येईल तेव्हा सगळ्या पोत्यात. बाबांनी हो म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलं.

होमस्टेचं बुकिंग मी बघते. मला फोनवर बोलायला आवडत नाही, लिहायला चालतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी अलिबागच्या इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे इंटरनेटवर जे काही असेल ते मला येतंच असा बाबांचा समज आहे. जुन्या वस्तूंचा ऑनलाइन लिलाव करणारी एक साइट मला माहीत होती. तिथे मी कधी काही विकलं नव्हतं. नुसतं बघायचे, कोण कशासाठी किती पैसे मोजतो ते. हेही मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

बाबांनी निवडलेली बाटली बुडाशी गोल होती, लांबट अंड्यासारखी. ती उभी राहतच नाही. बाबांनी मला कारण सांगितलं. अशी बाटली आडवीच ठेवावी लागते, म्हणून बूच ओलं राहतं आणि सोड्यातला वायू निसटत नाही. बोटीवरून यायच्या म्हणे.

"उभी राहत नाही म्हणजे घरात घेणारी तीच एक दिसते," आई आतून म्हणाली.

वर्णन बाबांनी मराठीत सांगितलं. मी त्याच्या इंग्रजीत चार ओळी केल्या.

"एवढंच? मी तर वीस मिनिटं बोललो."

"बाबा, इंग्रजीत एवढंच लागतं."

तीनशे रुपयांपासून बोली ठेवली. मुदत सात दिवस, रविवारी दुपारी चार वाजता संपणार. पहिले दोन दिवस कुणी फिरकलं नाही. बाबा नारळांना पाणी सोडायच्या निमित्ताने माझ्या खिडकीखालून जायचे आणि "काही?" एवढंच विचारायचे. त्या दोन दिवसांत आमच्या नारळांना महिन्याभराचं पाणी मिळालं. तिसऱ्या दिवशी दुपारी कोलकात्याहून कुणीतरी साडेतीनशेची बोली लावली. मी खिडकीतून सांगितलं. बाबांनी पाइप तसाच टाकला आणि शेजारी काकाला सांगायला गेले. तिथेच घोटाळा झाला.

हा काका म्हणजे बाबांचा चुलतभाऊ. किनाऱ्यावर त्याचा बनाना बोटीचा धंदा आहे, आणि भाऊबंदांवर त्याचा जीव आहे. त्याने जे केलं ते कळायला आमच्या देवळातला नारळांचा लिलाव माहीत हवा. उत्सवात प्रत्येक घर देवाला एक नारळ वाहतं आणि शेवटच्या दिवशी त्या नारळांचा लिलाव होतो. कुणाचाही नारळ पहिल्या बोलीवर जाऊ द्यायचा नाही, तो त्या घराचा अपमान. म्हणून शेजारीपाजारी बोली वाढवत नेतात, आणि पुरेसा मान झाला की घरातलाच माणूस सगळ्यांच्या वर बोली लावून नारळ सोडवून घरी नेतो. नियम कुठेही लिहिलेला नाही. बंगला बांधून नव्याने राहायला आलेल्या एका गृहस्थांनी एकदा दुसऱ्याचा नारळ खरोखरच विकत घेतला. त्यांना लोक अजून लांबून दाखवतात.

गुरुवारी बोली नऊशेवर गेली. संध्याकाळी पंधराशे. कोलकात्याने सोळाशे केली, लगेच कुणीतरी दोन हजार. बाबांनी त्या दिवशी दाढी केली. जेवताना ते आईला म्हणाले, "बाहेर म्हणजे कुठे, ते कळतंय ना आता?" आईने त्यांना जास्तीची भाकरी वाढली. ती हरताना कधी चिडत नाही, पण हरले असं म्हणतही नाही.

मला मात्र शुक्रवारी काहीतरी खटकलं. बोली लावणारी चार खाती होती आणि त्यांतली तीन त्याच आठवड्यात उघडलेली. एकाचं नाव 'बनाना राईड' होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. बाबा वाडीत शीळ घालत फिरत होते, आणि मला समोरासमोर काही वाईट सांगायचं म्हटलं की शब्द सापडत नाहीत. शिवाय कोलकाता अजून टिकून होतं. शनिवारी त्याने चोवीसशे केली. मला वाटलं, आता काका दमेल आणि ती बोली राहील. काका बोट ओढणारा माणूस आहे, तो दमत नाही, हे मी विसरले.

रविवारी पाहुणे गेल्यावर तीन वाजताच काका, काकू आणि त्यांची सून आमच्या ओटीवर येऊन बसले. प्रत्येकाच्या हातात फोन. आमच्या भागात रेंज यथातथाच असते, म्हणून शेजारचे सगळे आमचंच वायफाय वापरतात. पासवर्ड आईनेच दिला आहे, वाटीभर साखर द्यावी तसा. बाबा आरामखुर्चीत बसले होते आणि बाटली त्यांच्या मांडीवर होती. चारला पाच मिनिटं असताना बोली पाच हजार शंभरवर गेली. मग कुणीच हललं नाही. काका बाबांकडे बघत राहिला. चार वाजले. स्क्रीनवर बनाना राईडचं अभिनंदन आलं.

"दादा, बोल ना," काका म्हणाला. "तुझी बोली राहिली."

"माझी कसली बोली? बाटली माझीच आहे."

"म्हणून तर. एवढा मान केला तुझा, आता सोडव तिला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला बोलावंच लागलं. "काका, तिथे आपल्याच वस्तूवर आपल्याला बोली लावता येत नाही."

"मंग सोडवतो कोण?"

"कोणीच नाही. तुम्ही घेतलीत ती. पाच हजार शंभरला."

काकाने बाबांच्या मांडीवरच्या बाटलीकडे नीट पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच.

"मी? मी काय करू हिचं, बाय? ही तर उभी पन राहत न्हाय."

काकू आणि सून दोघींनी आपापले फोन पदराखाली घेतले. ते नऊशे आणि दोन हजार कुणाचे होते हे मग वेगळं विचारावं लागलं नाही. आई दाराशी आली. "भावोजी, तुम्ही बाहेरचे की घरचे?"

"असं काय विचारता, वयनी? घरचाच हाय मी."

"मग झालं," आई म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

तासाभरात साइटचं पत्र आलं. बोली लावणारे आणि विकणारे एकाच इंटरनेट जोडणीवर आढळले आहेत, किंमत खोटी फुगवण्याचा हा प्रकार आहे, लिलाव रद्द, खातं बंद. मी ते मराठीत वाचून दाखवलं. वाचताना 'खोटी' हा शब्द गाळला. काका चहा अर्धा ठेवून उठला. "माझं चुकलं दादा," म्हणाला, आणि बाबा म्हणाले, "नाही रे, तू मान केलास."

सगळे गेल्यावर बाबा बाटली आत ठेवायला निघाले. दारात थांबून म्हणाले, "म्हणजे कुणालाच नको होती."

"एकाला हवी होती," मी म्हटलं.

साइटवरचं खातं बंद झालं तरी कोलकात्याचा निरोप माझ्याकडे होता. चौकशी करताना त्या ग्राहकाने आपला ईमेल दिला होता. मी पत्र लिहायला घेतलं. आमच्या गावात मराठीत सांगितली तर ही गोष्ट पाच वाक्यांत संपते, कारण नारळाचा लिलाव कुणाला समजावावा लागत नाही. इंग्रजीत मी जे लिहीन ते गुन्ह्याची कबुली वाटत होतं. दोन तासांनी मी सजवणं सोडून दिलं आणि देऊळ, नारळ, काका, वायफाय, भंगारवाला, सगळं जसं होतं तसं लिहिलं. मी शुक्रवारीच ओळखलं होतं आणि गप्प बसले, हेही. अनोळखी माणसाला इतकं मी कधी सांगितलं नव्हतं.

सोमवारी उत्तर आलं नाही. बाबांनी एकदाही 'काही?' विचारलं नाही, आणि नारळांना पाणी सोडणं माझ्याकडे आलं.

मंगळवारी सकाळी उत्तर आलं. आम्ही ज्याला आठवडाभर 'तो कोलकात्याचा' म्हणत होतो, त्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या बाई निघाल्या. बनाना राईडवर त्या फार चिडल्या होत्या, असं त्यांनी लिहिलं होतं. चोवीसशे ही किंमत नव्हती, तो राग होता. बाटलीची खरी किंमत नऊशे आणि त्या तेवढेच देतील. पण आधी बाटलीच्या बुडाचा फोटो हवा, शेजारी आजचं वर्तमानपत्र ठेवून. ती खरंच आमच्याकडे आहे हे त्यांना कळायला हवं. शेवटी त्यांनी एक ओळ घातली होती: तुमचे वडील समजतात तितकी ही बाटली जुनी नाही.

वर्तमानपत्राचं वाचून मला बरं वाटलं. कुणावर पटकन विश्वास न ठेवणारं माणूस मला समजतं. मीही त्यांच्याकडे, ही बाटली जिथे ठेवणार त्या कपाटाचा फोटो मागितला. तासाभरात आला. त्यात बाटल्याच बाटल्या, प्रत्येकीला चिठ्ठी.

शेवटची ओळ मात्र बाबांना वाचून दाखवताना मी घाबरत होते. ती त्यांनी दोनदा वाचायला लावली.

"जुनी नाही म्हणते? कशावरून?"

"मी विचारून घेतलं. गळ्यापर्यंत सांध्याची रेघ गेलेली आपल्या फोटोत दिसते, त्यावरून. यंत्राच्या साच्यातली आहे म्हणतात, म्हणजे अलीकडची."

बाबा खोलीत गेले. बराच वेळ दिव्याखाली बाटली फिरवत बसले. बाहेर आले तेव्हा चेहरा रागावलेला होता आणि उजळलेलाही. "रेघ आहे," ते म्हणाले. "पंचवीस वर्षं मी पाहिली नाही. त्या बाईंना कळतं." मग म्हणाले, "आधी बाटली पाठवू, पैसे मागाहून देतील. त्या काय पळून जाणार आहेत?"

"अहो, बाटली तर जाणार आहे ना कोलकात्याला," आई म्हणाली.

मी दोघांच्या मधला मार्ग काढला. पैसे आले की त्याच दिवशी बाटली निघेल, असं बाईंना कळवलं. उद्या बँकेत जाऊन पाठवते, असं त्यांनी उलट लिहिलं. फोनवरून पैसे पाठवण्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

बुधवारी दहा वाजता भंगारवाल्याची हाक आली. आईने दोन पंखे आणि एक गंजलेली शेगडी काढून ठेवली होती. त्याने ती काट्याला लावली आणि म्हणाला, "बाटल्या कुठे हायत, वयनी? तुम्ही बोलला होता ना?" पोती त्याने आणलीच होती. बाबा विहिरीपाशी उभे होते. आईने माझ्याकडे पाहिलं. मी फोन पाहिला.

"पैसे अजून आले नाहीत," मी खरं ते सांगितलं.

आईने पदराला हात पुसले. शब्द मोडणं तिच्याकडून होत नाही, आणि शब्दाप्रमाणे ती जिंकली होती.

"आज मला वेळ नाही रे," ती त्याला म्हणाली. "खोली उघडायची, सगळं मोजायचं. पुढच्या बुधवारी बघू."

तो पंखे घेऊन गेला. आईने खोपटातून नारळाची सोडणं आणली आणि ओटीवर बसून ती तंतू तंतू मोकळी करू लागली. बाबा जवळ येऊन "जपून, जपून" करू लागले तेव्हा तिने त्यांना लांब उभं केलं. बाटलीभोवती काथ्याचा जाड थर देऊन, वर जुनी चादर गुंडाळून तिने ती खोक्यात बसवली, खोकं कानाशी धरून हलवलं, आवाज येत नाही याची खात्री केली. पैसे आले तेव्हा दुपारचा एक वाजत होता आणि ती दोरीची गाठ मारत होती.

"आले," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. मग गाठीवर बोट ठेवून थांबली. "त्या बाईंना विचार, फळीला पुढे पट्टी आहे ना. गोल आहे ती, घरंगळेल."