पायाळूची लाथ

गाव सोडलं त्या सकाळी छातीत पहिल्यांदा चमक आली. माझा मुलगा बाळू टेम्पोत पेटी चढवत होता आणि मी घोंगड्यांचं गाठोडं उचलायला वाकले. डाव्या बरगडीत सुई टोचावी तसं झालं. सवयीनं तोंडातून गेलं, "उसण भरली." बाळूच्या हातातली पेटी खाली पडली.

का पडली ते सांगते. आमच्या सांगोल्याकडच्या माळावर छातीत, पाठीत काहीही दुखलं की ती उसण. मग पायाळूकडं जायचं, म्हणजे जो पायाकडून जन्मला त्याच्याकडं. त्यानं पाठीला हळूच लाथ लावायची. आमच्याकडं पायाळू होती माझी जाऊ, सखू. दुखणारी माणसं तिच्या दारात येऊन पालथी पडायची. "लाथ खायला आलास का रं?" म्हणायची. लोक हसत, बरे होऊन जायचे. बरे व्हायचे, कारण उसण आपली आपणच जाते.

माझ्या मालकांच्या, म्हणजे बाळूच्या आप्पांच्या, छातीतही एका दुपारी दुखलं. घाम सुटला, डावा हात जड झाला. सगळ्यांनी उसणच म्हटलं. सखूनं लाथ लावली. ते उठले, मेंढरं कोंडायच्या जाळीपर्यंत गेले आणि तिथंच संपले. सखूला मी कधी बोल लावला नाही. पण तेव्हापासून ती कुणाला पाय लावत नाही.

मी एकटीनं मेंढरं राखली, पण बाळूनं राहू दिलं नाही. मेंढरं विकली. "हितं दवाखाना न्हाय, तुला हितं ठेवायची न्हाय," एवढंच बोलला. त्या सकाळी टेम्पोत बसताना मी म्हणाले, "डॉक्टर म्हणाला बरी हायस, की मला माघारी आणून सोडायचं." "व्हय," म्हणाला.

सोलापुरात, जुळे सोलापूर भागात, तिसऱ्या मजल्यावर बाळूचा फ्लॅट. माळावर दिवसभर चालणारी मी, इथं भाकरीबरोबर शेंगाचटणी खायची आणि तिथंच आडवी व्हायची. चमक येत राहिली.

बाळूनं सात रस्त्याजवळच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी वायरी लावून हृदयाची पट्टी काढली, रक्त तपासलं. मग बरगडीवर बोट दाबलं.

"मेले," मी म्हणाले.

"नाही मरत, मावशी. दाबल्यावर दुखतं, हा स्नायू आहे. ओझं उचलून आखडलाय. बरगडी पुढच्या हाडाला जुळते तिथं सूज आली तरी असंच दुखतं. जेवून लगेच झोपलं की पित्त वर येतं, गॅस होतो, त्यानंही दुखतं. काळजीनंसुद्धा. हृदय चांगलं आहे तुमचं." मग बोट वर करून म्हणाल्या, "पण छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं, घाम सुटला, दम लागला, हात नाहीतर जबडा दुखला, तर उसण म्हणत बसायचं नाही. तडक दवाखान्यात यायचं."

मी खुर्चीवरून उठले. बाळूही.

बाहेर येऊन विचारलं, "मग कधी सोडतोस?"

तो रिक्षाला हात न करता उभाच राहिला. "आई, तुला काय न्हाय. मला हाय की."

आप्पा गेल्यापासून, मी फोन उचलला नाही की त्याच्या छातीत कळ यायची. कुणाला न सांगता सगळ्या तपासण्या करून आला होता. काही निघालं नाही. काळजी, म्हणाले.

"लबाड हायस."

"तू तिकडं गेलीस की लई दुखंल."

लबाड नव्हता. हात नेमका बापासारखा छातीवर होता.

राहिले. गाव सोडून आलेल्यांनो, तुम्हीही असंच कुणाच्या तरी दुखण्यापायी राहिला असाल. आणि मागं राहिलेल्यांनो, पाठ दुखली तर सखूला सांगा, पाय वाईट नव्हता तिचा, नाव चुकलं दुखण्याचं. पालथं पडणाऱ्याला आधी घामाचं विचार म्हणावं.

रविवारी बाळू फरशीवर पालथा पडतो. "लाव की."

मी पायाळू नाही, चारचौघांसारखी डोक्याकडूनच आले. तरी भिंत धरून पाय ठेवते. पायाखाली धडधड लागते. माळ गेला, मेंढरं गेली. घर म्हणून आता एवढी पाठ उरली आहे. ती गरम आहे तोवर.