सोनाजीच्या कमरेवरच्या रेघा

सोळा सालच्या उन्हाळ्यात आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत एक बातमी फिरली. सोनाजीला त्याच्या पोरानं, रामप्रसादनं, मागच्या खोलीत कोंडून ठेवलंय. चितेगावच्या रस्त्याला लागून त्याचं दीड एकर आहे, ते एका कंपनीला द्यायचंय आणि म्हातारा सही करत नाही. बातमी झकास होती. तिच्यात जमीन होती, पोरगा होता, बंद दार होतं. सोनाजी खिडकीत दिसायचा आणि हाक मारली की आत पळायचा, म्हणजे पुरावाही होता. मी ती माझ्या झेरॉक्सच्या दुकानातून येईल त्या गिऱ्हाइकाला फुकट वाटली.

चार दिवसांनी सोनाजीची बायको पुतळाबाई आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आली. कागद हातात घेतला, घडी घातली. मग म्हणाली, "अजिनाथ भाऊजी, तुमीच म्हणं सांगत फिरता, मालकाला कोंडलं म्हणून. कोंडलं नाय. त्यायला बसता येत नाय, अन् संडासापसून दहा पावलं लांब जाता येत नाय. कॅन्सर हाय तिथं. आता आज आलेल्या गिऱ्हाइकाला हे बी सांगा."

मी त्या दिवशी कुणालाच काही सांगितलं नाही. रामप्रसादला कारखान्यात पाळी असायची, म्हणून दवाखान्यात सोनाजीबरोबर मी जाऊ लागलो. प्रायश्चित्त म्हणा, नाहीतर खरी बातमी पहिल्या हाताची मिळावी म्हणून म्हणा.

सोनाजी जातीचा धनगर. साठ वर्षांतली पंचावन्न मेंढरांमागं गेली, पार सोयगावच्या डोंगरापर्यंत. बारा-तेराच्या दुष्काळात चारा संपला, मेंढरं विकली आणि तो पोराच्या दोन खोल्यांत राहायला आला. दिवसाला दहा कोस तुडवणारा माणूस गच्चीवर येरझाऱ्या घालायचा, या टाकीपासून त्या टाकीपर्यंत. गल्लीतली पोरं फेऱ्या मोजायची. मग रक्त पडायला लागलं. मूळव्याध म्हणून वर्षभर पुड्या खाल्ल्या. शेवटी तुकडा काढून तपासला तेव्हा कळलं, गुदाशयाचा कॅन्सर, आणि तोही नेहमीच्या जातीचा नाही. "हजारात एखाद्याला निघतो असला," डॉक्टर म्हणाले.

सोनाजी म्हणाला, "मंग हजारातून माझीच निवड कशी केली सायबानं?"

डॉक्टर हसले नाहीत. नेहमीच्या जातीला बहुतेकदा कापावं लागतं. ही जात केमो आणि रेडिएशन एकत्र दिलं तर विरघळण्याची बरीच आशा असते, असं त्यांनी समजावलं. रेडिएशनचे अठ्ठावीस शेक, आठवड्यातले पाच दिवस. पहिल्या आणि पाचव्या आठवड्यात सलाईनमधून केमो. मध्ये खंड पडू द्यायचा नाही. गाठ राहिली तर ऑपरेशन, आणि मग संडासची वाट कायमची बंद, पोटावर पिशवी.

एवढं ऐकून सोनाजी बाहेर आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. "अजिनाथा, मरण आलं तर येऊ दे. पर पोटाला पिशवी बांधून मी चार माणसांत बसायचा नाय. अठ्ठावीस म्हंजी अठ्ठावीस."

पहिल्याच दिवशी त्याच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना आणि बेंबीखाली शाईच्या रेघा मारल्या. मशीनचा झोत याच खुणांवरून लावायचा, तेव्हा पुसू नका, घासू नका, असं मशीनवरच्या ताईंनी बजावलं. शिवाय शेकाच्या पाऊण तास आधी अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि लघवी दाबून ठेवायची. मूत्राशय भरलं की आतडी वर सरकतात, भाजत नाहीत. आता गंमत बघा. आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं. गल्लीत हंड्यावरून बायका भांडत होत्या, आणि हा रोज रिक्षात कुशीवर आडवा होऊन घटाघटा पाणी पीत निघायचा. बघणाऱ्यांच्या नजरा मला लागायच्या.

खरी कोंडी मशीनच्या खोलीत होती. जाड दार बंद व्हायचं, सगळे बाहेर, आणि हा एकटा फळीवर उताणा. हलायचं नाही, खोकायचं नाही, मुतायचं नाही. दुसऱ्या दिवशी तो आतून ओरडला, "अरं सोडा मला, जीव घाबरतोय." बाहेरून ताई माईकवर म्हणाल्या, "बाबा, दोनच मिनिटं." तो बाहेर आला तेव्हा सदरा घामानं भिजला होता. "लोकर कातरताना मी मेंढराला असंच गुडघ्याखाली दाबायचो," तो म्हणाला. "ते पाय का झाडतंय, आज समजलं."

तिसऱ्या आठवड्यात कातडी सोलली, जुलाब लागले. घर ते संडास, संडास ते घर. पंधरा शेक झाले होते. त्या रविवारी नळ आला, पाणी धो धो आलं, आणि पुतळाबाईला वाटलं, तीन आठवड्यांचा मळ आहे, माणसाला एकदा स्वच्छ करावं. तिनं त्याला मोरीत उभं करून असं चोळलं की रेघा मोरीतून वाहून गेल्या.

सोमवारी सकाळी सोनाजीचा निरोप आला, काळा मार्कर घेऊन ये.

मी गेलो तर हा सदरा वर करून उभा. "सांगितलं तर घरी पाठवतील. खंड पडंल. दोन हजाराच्या कळपात माझ्या मेंढराच्या पाठीवरली खूण मी अंधारात हात लावून सांगायचो. माझ्याच कमरेवरली इसरंल व्हय? मी दाखवतो, तू वढ."

मी ओढल्या. पट्टी लावून ओढल्या, दुकानदाराचा हात आहे. पुतळाबाईनं आरसा धरला. तिघांनाही काम फार सुबक झाल्यासारखं वाटलं.

ताईंनी सदरा वर करून बघितलं आणि विचारलं, "या कुणी काढल्या?"

"तुमीच की," सोनाजी म्हणाला.

"आमच्या इतक्या सरळ कधीच येत नाहीत."

मग त्यांनी जुन्या मापाशी ताडून बघितलं. रेघा दोन बोटं खाली होत्या. ताई चिडल्या नाहीत, तेच वाईट वाटलं. झोत भलतीकडे लागून गाठ तशीच राहिली असती आणि चांगलं मांस भाजलं असतं, एवढंच सांगून त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. पुन्हा स्कॅन, पुन्हा मापं, पुन्हा रेघा. दोन दिवस गेले.

ते दोन दिवस सोनाजी भिंतीकडे तोंड करून पडला. मी चेष्टा करायला गेलो तर म्हणाला, "आज नको." सदऱ्यावरून पोटावर हात ठेवून होता, जिथं पिशवी लावतात तिथंच. पुतळाबाई चुलीपुढं बसून स्वतःला शिव्या देत होती, तेही हळू आवाजात, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. मी मात्र मार्करचं टोपण खिशात चाचपत घरी आलो.

डॉक्टरांनी बुडालेले दोन शेक पुढच्या दोन शनिवारी घेऊन भरून काढले. पाचव्या आठवड्यातली केमो त्यानं उलट्या करत सोसली. अठ्ठाविसावा शेक झाला, आणि मग सगळ्यात वाईट काम सुरू झालं, थांबायचं. दहा आठवडे काहीच करायचं नव्हतं. या काळात पाऊस आला, नळ तिसऱ्या दिवशी यायला लागला, आणि तो अजून घराबाहेर पडत नव्हता.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी बोटानं बघितलं, दुर्बीण घातली, एमआरआयचे फोटो उजेडाला धरले. गाठ दिसत नव्हती. आता ऑपरेशन नको, म्हणाले, पण गाफील राहायचं नाही. सुरुवातीला दर तीन महिन्यांनी, पुढं सहा महिन्यांनी, अशी पाच वर्षं तपासणी.

बाहेर बाकड्यावर सोनाजी आधी एका बाजूनं टेकला, मग बेतानं नीट बसला. कितीतरी महिन्यांनी बसला. मला राहवलं नाही. म्हटलं, "सोनाजी, सुटका कसली, पाच वर्षं अडकलात की."

तो म्हणाला, "अडकलो तर अडकलो. डाक्टर मला पाच वर्षं सोडत नाय म्हंजी तवर जगवायचा त्याचा इरादा दिसतोय. तू तुझं बघ, तुला कुणी तारीख दिलीय का?"