डोळे मिटून केलेली चहाडी

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चर्चच्या पाळकांना नाही. प्रभूला सांगितलं — पण त्याला आधीच माहीत होतं, म्हणून ते धरायचं नाही.

तसा मी बोलका माणूस. भिंगारच्या आमच्या मंडळीत कुणाच्या घरी उपासना असली की प्रार्थना करायला मलाच सांगतात. आणि मी करतो — लांब. एकदा बायको आत जाऊन चहा उकळून आली, तरी माझं ‘आमेन’ व्हायचं होतं. घरी तर माझी प्रार्थना म्हणजे डोळे मिटून दिलेला दम. ‘हे प्रभू, या घरातलं कुणीतरी केस कापून येऊ दे.’ दुसऱ्या दिवशी जोएल, माझा मुलगा, केस कापून हजर. देव इतक्या झटपट ऐकतो म्हटल्यावर माझा विश्वास वाढणारच ना?

जोएल तेव्हा दहावीत. स्कूटरवरून त्याला क्लासला सोडत होतो. बापाचा चेहरा दिसत नसला की मुलं बोलतात. पाठीमागून म्हणाला, “पप्पा, रागवू नका. प्रार्थनेत मला काहीच वाटत नाही. मी नुसते डोळे मिटतो. कुणाला सांगू नका हं.”

“नाही सांगत,” म्हणालो. खरंच सांगायचं नव्हतं. उलट वाटलं — आपण बरे बाप दिसतोय.

त्याच आठवड्यात उपासना आमच्या घरी. माझ्या आधी मंडळीतल्याच एका शेजाऱ्यांनी प्रार्थना केली. त्यांच्या मुलानं वर्षभरात अख्खं बायबल वाचून काढलं, म्हणून उपकारस्तुती. काय आमेन पडले! मग माझी पाळी. माझ्याकडे काय होतं? — ते एकच होतं. “प्रभू,” मी आवाज कापरा केला — हो, मुद्दाम — “माझं लेकरू तुझ्यासमोर नुसते डोळे मिटतं…”

आमेन त्यांच्यापेक्षा जास्त पडले. मी कान देऊन ऐकत होतो.

नंतर एका आजींनी जोएलच्या डोक्यावर हात ठेवला. “देवाला इसरू नगं रं लेकरा. बाप लई रडला बघ तुझा.” त्यांची सून मला म्हणाली, “भाऊ, अंगावर काटा आला.” जोएल चहाचे कप गोळा करत होता. मान खाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, “पप्पा, काळजी वाटली म्हणून बोललात ना?”

पोरगं मला वाट काढून देत होतं. आणि मी ती धरली. “हो रे बाळा. काळजीच.”

— हेच ते. प्रार्थना सगळ्यांनी ऐकली. हे खोटं मात्र माझ्यापाशीच राहिलं. काळजी नव्हती. मला आमेन हवे होते.

तेव्हापासून बायबलमधले बाप मी जरा जपून वाचतो. अब्राहामानं जीव वाचवायला बायकोला बहीण म्हटलं. इसहाकाचं थोरल्या मुलावरचं प्रेम त्यानं आणलेल्या शिकारीच्या मटणावर चालायचं. याकोबानं एकाच मुलाला झगा शिवला, बाकीच्यांची मनं बघितलीच नाहीत. आणि देवानं स्वतःचं नाव सांगताना असल्यांची नावं जोडून घेतली — अब्राहामाचा, इसहाकाचा, याकोबाचा देव. नंतर ती परतही घेतली नाहीत. आपण बाप म्हणून नापास झालो असं ज्याला वाटतं, त्याला द्यायला माझ्याकडे एवढंच आहे. मला ते पुरलं.

आणि मिळालं किती! जोएल उठून गेला नाही. माझ्या लांबलचक प्रार्थनांखाली वर्षानुवर्षं बसून राहिला. त्याला कधी, काय वाटू लागलं — विचारलं नाही. विचारायचा हक्क मी घालवला होता. आज तो आपल्या लेकीला मांडीवर घेऊन प्रार्थना करतो. दोन वाक्यं. तिनं कानात सांगितलेलं त्यात कधी येत नाही. मी शेजारी बसतो, गप्प, आणि मनातल्या मनात उपकार मानतो.

हा कागद मंडळीच्या मासिकाकडे जाण्याआधी जोएलच्या हातात देणार आहे. या वेळी आधी त्याला. त्याला फाडायचा असेल तर फाडू दे. दुसरी प्रत मी ठेवलेली नाही.